सकाळचा खोटा आकडा

बॉयलर थंडगार होता. आदल्या दिवशी दुपारी विझवलेला, रात्रभर पौषाच्या गारठ्यात उभा, वरची वाफेची चावी सताड उघडी. आत वाफ असायचं काही कारणच नव्हतं. आणि पॅनलवर लाल आकडा होता, एक पूर्णांक चार. म्हणजे आत जवळजवळ दीड किलोचं प्रेशर आहे, असं पॅनलचं म्हणणं.

मी समोर स्टूल घेऊन त्या आकड्याकडे बघत बसलो. खरं तर राग यायला हवा होता. एकतीस वर्षं मी गुजरातेत एका रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. प्रेशर, तापमान, टाकीतली पातळी, जे जे काट्यावर नाहीतर आकड्यावर दिसतं ते खरं आहे की नाही हे बघायचं, एवढंच माझं काम. खोटा आकडा दिसला की माझं डोकं फिरतं, हे अख्ख्या प्लांटला ठाऊक होतं. त्या सकाळी मात्र डोकं जागच्या जागी होतं. बायको जाऊन दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

हे लोकांना सांगून पटत नाही. बाराव्यापर्यंत माणसं येत होती, रडत होती, मी त्यांना खुर्च्या मांडून देत होतो. मुलगी येऊन पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, बाबा, एकदा रडा तरी. मी म्हटलं, बघतो. कुणी डबा आणून दिला की जेवायचो, आमटी खारट आहे की अळणी ते कळायचं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो आणि आपला नसतोही. मी सगळाच्या सगळा तसा झालो होतो. नोकरीची दीड वर्षं बाकी होती, ती सोडून मी कायमचा घरी आलो. का आलो ते विचारलंत तर मला सांगता येणार नाही. तिच्या मागे काजूची शेड उरली होती आणि ती कुणीतरी उघडायला हवी होती.

शेड तिची. इन्सुलीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत आमचं घर, आणि घराच्या मागे पत्र्याची ही शेड. ती मूळची देवबागची, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा रेतीच्या पट्टीवर वाढलेली. मासळीतलं तिला सगळं कळे. काजूतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी दहा वर्षांत तिने अकरा बायकांना बारमाही काम उभं करून दिलं. मी वर्षातून दोनदा यायचो, चतुर्थीला आणि मे महिन्यात. येऊन चुका काढायचो. वायर अशी का लोंबते, फ्यूज असा का बांधलाय. ती म्हणायची, "आधी चा तरी घेवा, मगे आरडा."

काजूची बी आधी वाफेवर शिजवावी लागते. नीट शिजली तर टरफल एका फटक्यात उघडतं आणि आतला गर अख्खा निघतो. वाफ कमी पडली तर टरफल चिवट राहतं आणि गराचे तुकडे होतात. सगळी किंमत अख्ख्याला. म्हणून शेडीत आम्ही सगळे त्या बॉयलरच्या प्रेशरवर जगतो म्हटलं तरी चालेल. बॉयलर छोटा, माणसाच्या उंचीचा, काजूचीच टरफलं जाळून चालणारा. भट्टीत हवा मारायला एक ब्लोअर.

साडेतीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आलो तेव्हा ती जुन्या काट्याच्या मीटरकडे डोळे लावून ब्लोअर हाताने चालू-बंद करत उभी असायची. घामाने निथळायची. पुढच्या चतुर्थीला येताना मी एक प्रेशर सेन्सर आणला. अंगठ्याएवढी वस्तू, स्टीलची. तो वाफेच्या नळीवर बसवला, त्याच्या डोक्यावर प्लग, प्लगातून वायर पॅनलला. प्रेशर दोन किलोवर गेलं की ब्लोअर आपोआप बंद, उतरलं की चालू. तिला म्हटलं, आता बस खुर्चीवर राणीसारखी. तिने चार वेळा विचारलं, "आणि ह्या बिघाडला तर?" मी म्हटलं, मी बसवलंय, बिघडणार नाही.

आता बिघडलं होतं.

बॉयलर पेटवायचं काम मिस्त्रींचं. आमच्याच वाडीतले, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. एकेकाळी गवंडीकाम करायचे म्हणून मिस्त्री, ते नाव तसंच राहिलं. शेड सुरू झाली तेव्हापासून तेच बॉयलरवर. कमी बोलणारा माणूस. आठ दिवसांपूर्वी ते स्वतःहून मला म्हणाले होते, "भाऊ, तुमचो तो आकडो सकाळचो खोटो दाखयता."

"आणि दुपारी?"

"दुपारचो बरोबर."

"म्हणजे सेन्सर सकाळी झोपेत असतो का?"

ते हसले नाहीत. जुन्या काट्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो काटो बघा, अर्ध्या किलोर आसा. आणि तुमचो आकडो दोनावर. ब्लोअर बंद पडता, वाफ धरणा नाय."

मी म्हटलं, तुमचा काटा गंजलाय. माझ्या हातचा सेन्सर खोटा आणि दहा वर्षांचा काळा पडलेला काटा खरा, हे मला मान्य होणारच नव्हतं. कामाचं बोलायला लागलो की माझ्या तोंडी शहरी मराठी येते, साहेबांशी बोलून बोलून लागलेली सवय. मिस्त्री त्या मराठीपुढे कधी वाद घालत नाहीत. ते भट्टीकडे परत गेले आणि रोज सकाळी अर्धवट वाफेवर बी शिजत राहिली. बायकांच्या पुढ्यातल्या टोपल्यांत तुकडे वाढायला लागले. मावशी, म्हणजे फोडणाऱ्यांतली सगळ्यात जुनी, दोन दिवस टोपली माझ्यासमोर आणून ठेवायची आणि काही न बोलता परत न्यायची. व्यापारी येऊन माल बघून तोंड वाकडं करून गेला. म्हणाला, वयनी, म्हणजे माझी बायको, असताना असा माल कधी बघितला नव्हता.

तेव्हा कुठे मी सेन्सरकडे नीट बघायला गेलो. प्लगाच्या मधोमध एक स्क्रू असतो. त्या स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे होते. एकदा नाही, चार-सहा वेळा कुणीतरी जाड पेचकस घालून फिरवलेला. मी स्वतः तो एकदाच आवळला होता, बारीक पेचकसने, आणि माझ्या हातून ओरखडा पडत नाही.

बायका कामावर बसल्या होत्या. मी तिथूनच हाक मारली. "मिस्त्री, हा प्लग कोणी उघडला?"

ते भट्टीजवळून आले. हातमोजे झटकले. "मिया."

"कशासाठी?"

त्यांनी भट्टीकडे मान वळवली.

"मी विचारतोय. माझ्या वस्तूला माझ्या माघारी हात कशासाठी लावला?"

"वयनी होती तेवा," एवढंच ते म्हणाले.

आणि मी ओरडलो. "गेलेल्या माणसावर ढकलू नका. ती सांगायला येणार नाही म्हणून काहीही सांगाल? प्लग उघडून सेन्सरची वाट लावलीत आणि वर मलाच सांगता आकडा खोटा. उद्यापासून येऊ नका."

विचित्र गोष्ट अशी की ओरडताना आत काहीच नव्हतं. राग नव्हता. आवाज वर गेला, बोट त्यांच्या तोंडासमोर नाचलं, सगळं व्यवस्थित झालं, पण नुसतं सवयीने. एकतीस वर्षं ज्या पद्धतीने ओरडत आलो त्याच पद्धतीने ओरडलो. अकरा बायकांचे हात थांबले होते. मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. मिस्त्रींनी हातमोजे काढले, खिळ्याला अडकवले, छत्री घेतली. पौषात छत्री कशाला आणतो हा माणूस, असा एक फालतू विचार माझ्या मनात आला. ते गेले.

मी काय केलं होतं ते मला कळत होतं, वाटत नव्हतं एवढंच. सावंतवाडीपर्यंत काजूच्या शेडी आहेत आणि सगळ्यांची सगळ्यांशी ओळख आहे. मीटरशी खेळ करून बॉयलर बिघडवला म्हणून काढला, अशी बोलवा झाली की साठी उलटलेल्या त्या माणसाला कुणी बॉयलरजवळ उभं केलं नसतं. आणि ते मी अकरा बायकांसमोर बोललो होतो. अकरा बायका म्हणजे अकरा घरं, म्हणजे संध्याकाळपर्यंत चार वाड्या.

त्या दिवशी दहानंतर आकडा बरोबर दाखवायला लागला, नेहमीसारखा. बरोबर दाखवणाऱ्या वस्तूत दोष शोधता येत नाही. ताप असतानाच पेशंट बघावा लागतो. म्हणून बायकांना दुसऱ्या दिवशी उशिरा यायला सांगितलं आणि सकाळी उजाडल्या उजाडल्या मी शेडीत जाऊन बसलो. पत्र्यावरून दंव टपकत होतं. सुरुवातीला सांगितला तो आकडा ह्याच सकाळचा, एक पूर्णांक चार.

आता हे थोडं सोपं करून सांगतो. सेन्सर प्रेशर मोजतो आणि वायरीतून तेवढा करंट पॅनलकडे पाठवतो. प्रेशर शून्य असेल तर चार मिलिअँप, पूर्ण असेल तर वीस. मधलं सगळं मध्ये. तेव्हा आकडा खोटा असला तर खोटं बोलणारे तिघे. पॅनल, वायर, नाहीतर सेन्सर. कारखान्यातली शिस्त अशी की पॅनलपासून सुरुवात करायची आणि एकेकाला निर्दोष सोडत पुढे जायचं. कुणाचं नाव आधी घ्यायचं नाही. ही शिस्त मी किती पोरांना शिकवली असेल. मिस्त्रींच्या बाबतीत ती मला आठवली नाही.

पॅनलला माझ्याकडच्या छोट्या यंत्रातून बरोब्बर चार मिलिअँप दिले. आकडा शून्य आला. पॅनल खरा. मग सेन्सरची वायर पुन्हा जोडली आणि मध्ये मीटर लावून बघितलं तर सात पूर्णांक सात. थंड बॉयलर, उघडी चावी, आणि सात पूर्णांक सात. साडेतीनच्या वर जास्तीचा करंट कुठून तरी चोरवाटेने जात होता. सेन्सरच्या डोक्यावरचा प्लग तेवढा काढला, वायर तशीच ठेवली. मीटर शून्यावर आलं. म्हणजे वायरही निर्दोष. आता राहिला सेन्सर आणि त्याच्या माथ्यावरच्या तीन पट्ट्या, ज्यांच्यावर प्लग बसतो.

चष्मा पुसून मी वाकलो. प्लगाखाली एक चौकोनी रबर असतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. ते एका कोपऱ्यात वर आलं होतं, खाली काहीतरी साठल्यामुळे नीट बसलेलं नव्हतं. पट्ट्यांच्या मध्ये तांबूस लगदा. दंवाने ओला. पट्ट्या ह्या लगद्याने एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या, त्यातून करंट पाझरत होता. दहानंतर बॉयलर तापला की लगदा सुकायचा आणि आकडा सुधारायचा. दोष सापडला. इतका साधा दोष, की शिकाऊ माणसालाही सापडला असता.

गंज, मी म्हटलं. कापसाला स्पिरिट लावलं आणि पुसायला घेतलं. हात आपलं काम करत होते. पहिला बोळा लाल आला. दुसरा पिवळा. गंज पिवळा येत नाही एवढा. मी बोळा नाकाजवळ नेला. स्पिरिटच्या वासामागे हळदीचा वास होता.

परत वाकून बघितलं. लगद्याचे थर होते. तळचा काळपट, वरचा अजून कुंकवाच्या रंगाचा. प्लगाच्या आत, बंद झाकणाखाली, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी.

आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा होते. कोयती, कुदळ, शिलाई मशीन, मोटारसायकल, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुलं. सेन्सर बसवला त्या वर्षी मी रजा वाढवून दसऱ्यापर्यंत थांबलो होतो. सकाळी शेडीत येऊन बघतो तो सेन्सरवर बोटभर हळद, त्यावर कुंकू, वरून नारळाचं पाणी शिंपडलेलं. मी जे तोंड सोडलं ते थेट वाडीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. अक्कल आहे का, ही काय कुदळ आहे, इलेक्ट्रॉनिकची वस्तू आहे, पुन्हा ह्याला बोट लावलंस तर मी उखडून नेईन. ती पदराने पुसत होती. म्हणाली, "बरा. नाय लावणंय." नंतर दर दसऱ्याला मी फोनवर आठवण करून द्यायचो, त्याला कुंकू लावलं नाहीस ना. ती म्हणायची, "बाहेर येक ठिपको नाय, येवन बघा." आणि खरंच, बाहेर कधी एक ठिपका नव्हता.

बोळा हातात धरून मी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. पुसून अर्धं झालं होतं. अर्धं ठेवून उपयोग नव्हता, तेवढ्यानेही करंट पाझरलाच असता. उरलेलंही पुसलं. काडीला कापूस गुंडाळून कोपऱ्यातलंही काढलं. रबर नीट बसवलं, प्लग लावला, स्क्रू आवळला. पॅनलवर शून्य. मीटरवर चार पूर्णांक शून्य शून्य. असं शून्य दिसलं की मी एरवी खिशातून तंबाखू काढायचो. त्या दिवशी काढली नाही.

मग मिस्त्रींकडे गेलो. त्यांचं घर ओहोळाच्या पलीकडे. ते खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून वेलाला मांडव घालत होते. मला बघून उठले नाहीत. त्यांच्या बायकोने आतून पाट आणून दिला आणि ती आत गेली.

मी म्हटलं, "प्लगात कुंकू होता."

ते सुतळी वळत राहिले. "सापाडला तर."

"तिनाच लावल्यान?"

"मगे कोण लावतला? वयनीन स्क्रू काढूक सांगल्यान, मिया काढलंय. तिना लावल्यान, मिया परत आवळलंय. तीन वर्सां. तुमका सांगू नको म्हणान शपथ घातल्यान."

"काल तरी सांगूचा होता."

"सांगूक गेलंय. तुमी म्हटलास, गेलेल्या माणसार ढकलू नको. मगे काय सांगू?"

मी पाटावर बसलो. विचारलं, की मी एवढा आरडलो होतो, तरी ती कशाला लावायची.

"मिया इचारलंय एकदा," मिस्त्री म्हणाले. सुतळीची गाठ त्यांनी दातांनी आवळली. "म्हटलंय, वयनी, भाऊंका कळला तर माजी पण धडगत नाय. तर म्हणाली, ह्या सगळ्या शेडीत तेंच्या हातची वस्तू ही येकच आसा. बाकी सगळा मिया केललां. तिका कुंकू लावल्याबिगर माजो दसरो कसो होतलो?"

मी घरी वर्षातून महिना-दीड महिना असायचो. एकतीस वर्षं. तिच्या दृष्टीने मी म्हणजे त्या शेडीत अंगठ्याएवढा होतो, आणि तो मी थोड्या वेळापूर्वी स्पिरिटने पुसून आलो होतो. हे सगळं मला समजलं, अगदी स्वच्छ समजलं. पण रडू येईना.

मी म्हटलं, "चला मिस्त्री. माजी चूक झाली. बायकांसमोर बोललंय, बायकांसमोरच सांगतंय."

ते पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलले. "काय सांगतलास?"

"खरा ता."

"नको. वयनीन मशीन बिघडवल्यान, असा कोणाच्या तोंडात नको. माजाच नाव रवांदे. माका काय, दोन दिस बोलतली आणि इसारतली."

दोन दिवसांत कुणी विसरणार नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. माझ्यासमोर साठी उलटलेला माणूस बसला होता. त्याचं उरलेलं काम, त्याचं नाव मी आदल्या दिवशी घालवलं होतं, आणि ते तसंच गेलेलं राहू दे असं तो मला सांगत होता, माझ्या बायकोला बोल लागू नये म्हणून. मी त्यांची छत्री दारामागून घेतली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "उठा. तिचा नाव येवचा नाय आणि तुमचा पण नाय."

ओहोळ ओलांडताना मी मनात वाक्य जुळवून ठेवलं. एकतीस वर्षांत मी जे कधी बोललो नव्हतो ते बोलायचं ठरवलं होतं, की काम माझ्या हातून कच्चं झालं.

बायका येऊन बसल्या होत्या. मिस्त्रींना माझ्याबरोबर बघून सगळ्यांचे हात थांबले, कालच्यासारखेच. मी मध्ये उभा राहिलो. शहरी मराठी तोंडात येत होती, ती गिळली.

"काल मिया मिस्त्रींका बोललंय ता चुकीचा होता. तेंनी काय करूक नाय. प्लगात दव जाय होता. रबर बसवताना मियाच नीट बसवक नाय. चूक माजी."

मला वाटलं झालं. मिस्त्री भट्टीकडे निघालेसुद्धा. तेवढ्यात मावशी हातातली बी खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, रबराचा काय सांगतास? आमका म्हायत आसा."

"काय म्हायत आसा?"

"कुंकवाचा. आमी सगळी थंयच होतव. वयनीन लावल्यान, आमी ओवाळलव. तीनव वर्सां."

मी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्या माना खाली. मिस्त्रीही पाठमोरे थांबले होते.

"मगे माका कोणी कसा सांगूक नाय?" मी विचारलं. "आठ दिवस तुकडे पडतत, काल ह्यांका मिया हाकलून दिलंय. कोणी येकान तरी सांगूचा होता."

मावशीने पदराने हाताचा चीक पुसला. ती भीत भीत बोलत नव्हती आणि टोचूनही बोलत नव्हती. हवा कशी आहे ते सांगावं तसं बोलली. "तुमच्या आरडण्याच्या भयान, भाऊ. वयनी पण तेच्याच भयान आत लपयत होती. आमका म्हणायची, माणूस मायेचो आसा गो, पण तेका काय सांगूक भय वाटता."

मिस्त्रींनी खिळ्यावरचे हातमोजे घातले. ब्लोअर सुरू झाला. पॅनलवरचा आकडा शून्यावरून हलला, काट्याबरोबर, जसा हलायला हवा तसा. बायकांनी पुन्हा कामाला हात घातला. मी मात्र तिथेच उभा होतो. अकरा बायका आणि एक मिस्त्री, सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसलेला माणूस शेडीत एकच होता, आणि त्याला कळू नये म्हणून तिने तीन वर्षं काळजी घेतली होती. दोन महिन्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. मला वाटलं होतं की जेव्हा वाटेल तेव्हा ते दुःख असेल. ते दुःख नव्हतं, लाज होती.